कुरकुर-वही

“काही नाही,” डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्टचं पाकीट माझ्याकडे सरकवलं. “मॅमोग्राफी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ. निश्चिंत राहा.”

मी निश्चिंत झाले. खरंच झाले, खोटं कशाला बोलू? माझी मावशी छातीतल्या गाठीने गेली होती आणि गेले तीन आठवडे मी मनातल्या मनात माझ्या वस्तूंची वाटणीही करून ठेवली होती. भीती गेली ती जिन्याच्या पहिल्या वळणावर. दुसऱ्या वळणावर तिच्या जागी राग येऊन बसला. काही नाही म्हणजे काय? डाव्या बाजूला, स्तनाच्या आतल्या अंगाला, कुणीतरी अंगठा रोवून धरावा तसं दुखत होतं. जिना उतरतानाही दुखत होतं. काहीच नसेल तर हे दुखत होतं ते काय?

वन्सं खाली बाकावर बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. वय त्रेसष्ट, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त आणि आवाज त्याहून जास्त. मी पाकीट हलवून दाखवलं.

“सगळं नॉर्मल आहे, वन्सं.”

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाल्या, “नीट बघितलं का त्यांनी? अजून एखादं मशीन असेल. मोठं मशीन. ते करून घेऊ.”

मला वाटलं, काळजी. आमच्या वन्संची काळजी नेहमी अशी दटावणीच्या कपड्यातच येते.

आम्ही दोघी मिळून पुस्तकबांधणीचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणायला जीभ अडखळते. दोन खोल्या, चार टेबलं, खळीची पातेली आणि एक प्रेस. सासऱ्यांनी सुरू केलेला. माझा नवरा डिंकाच्या वासाने लहानपणीच पळाला तो थेट शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन थांबला. वन्सं विधवा होऊन परत आल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. मी लग्न करून आले आणि सहाव्या महिन्यात त्यांनी माझ्या हातात दाभण दिलं. मला जे काही येतं ते त्यांचं आहे. माझी फक्त एक खोड माझी स्वतःची आहे: मला कारण लागतं. लहानपणी मी घरातलं घड्याळ उघडलं होतं, ते थांबलं म्हणून नव्हे, चालतंय कसं म्हणून. त्याबद्दल मार खाल्ला, पण कळलं.

तर आता हे घड्याळ उघडायचं ठरवलं.

उरलेल्या कागदाच्या पट्ट्या गोळा करून मी तळहाताएवढी वही शिवली, तिला उरलेल्या निळ्या कापडाचं कव्हर घातलं. पहिल्या पानावर दुखणं सुरू झालं ती तारीख लिहिली: सात जानेवारी. ती मला पक्की आठवत होती, कारण त्याच आठवड्यात कोर्टाच्या ग्रंथालयाचे जाडजूड खंड बांधायला आले होते. पुढच्या पानांवर रकाने. तारीख, झोप, चहा, कपडे, पाळीचे दिवस, मनःस्थिती. आणि शेवटी दुखण्याला दहापैकी गुण.

“हे काय, परीक्षेला बसवलंस की काय छातीला?” वन्सं म्हणाल्या.

“नापास होतेय का ते बघते.”

“कुरकुर-वही आहे नुसती.” आणि तेच नाव पडलं.

पहिला संशयित चहा. कुणीतरी सांगितलं, चहा-कॉफीने दुखतं. पंधरा दिवस बंद केला. डोकं दुखू लागलं, छाती होती तशीच. गुण चार. दुसरा संशयित कपडे. आतले कपडे दुकानातल्या बाईकडून नीट माप घेऊन बदलले. पंचवीस वर्षं मी चुकीचं माप घालत होते हे कळलं, तेवढाच फायदा. गुण चार. तिसरी संशयित पाळी. ती आता मनाला येईल तेव्हा येत होती, पण दुखणं तिची वाट बघत नव्हतं. चौथा डाव्या कुशीवर झोपणं. पाठीशी उशी लावून उजव्या कुशीवर झोपले, नवऱ्याच्या घोरण्याकडे तोंड करून. गुण पाच. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. पण कबूल करते, मजा येत होती. आपल्याच शरीरात आपण पहिल्यांदा पाहुणी म्हणून हिंडतोय असं वाटत होतं. इतकी वर्षं राहते इथे, आणि कुठल्या खोलीत काय ठेवलंय ते माहीत नाही.

मे महिन्यात वन्सं त्यांच्या धाकट्या बहिणीकडे नऊ दिवस राहायला गेल्या. मी एकटीच शिलाई करत बसले. त्या परतल्यावर दोन दिवसांनी मी वहीची पानं उलटली आणि ताडकन उठले. रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघंही टेबलाशी होतो. मी वही नवऱ्यापुढे धरली.

“बघा. नऊ दिवस. पहिले दोन दिवस दोन-दोन, मग शून्य, शून्य, शून्य. आणि काल परत पाच. आज सहा.”

नवऱ्याने चष्मा लावला, प्रयोगशाळेतल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तसं वाचलं आणि घास ठेवून हसायला लागला. “ताई गेली की शून्य, ताई आली की सहा! अगं, निदान झालं! एवढी मशीनं कशाला? नणंद हा आजार जगात सगळ्यात जुना आहे.”

मीही हसले. हसू येण्यासारखंच होतं. वन्संच्या पुढ्यात बोलावं असंच आमचं घर आहे, त्या स्वतः याच्या दुप्पट बोलतात. पण त्या हसल्या नाहीत. त्यांचा डावा हात ताटात होता, उजवा मांडीवर. त्यांनी अर्धी पोळी तशीच ठेवली आणि उठल्या.

“उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जा,” त्या म्हणाल्या. “माझं ऐक. नीट तपासून घे. काहीतरी असणारच.”

मला लाज वाटली. इतक्या वर्षांच्या नणंदेला हसत-हसत दुखणं ठरवलं मी.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून तरुण, हाताने तपासणाऱ्या. त्यांनी आधीचे रिपोर्ट शांतपणे पाहिले, ते चांगले आहेत म्हणाल्या आणि मला झोपवलं. मग सगळा पंजा न लावता एकच बोट. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने, वरून खाली, एकेक बरगडी मोजत. चौथ्या बरगडीवर बोट टेकलं आणि मी “आई गं!” म्हणून त्यांचं मनगट धरलं.

“हेच का ते दुखणं? रोजचं?”

“हेच! तंतोतंत हेच!” मला इतका आनंद झाला की दुखणं विसरले. कुणाला तरी ते बोटाने सापडलं होतं.

“मग हे स्तनात नाही. त्याच्या खाली आहे. बरगडी जिथे मधल्या हाडाला मिळते तिथला सांधा सुजलाय. मशीन स्तन बघतं, हे त्याला दिसणार नाही. घाबरण्यासारखं नाही, पण उगाच होत नाही. इथे काय दाबता तुम्ही?”

“काही नाही,” मी म्हणाले. आणि तोंडातून निघालेला शब्द मला ओळखू आला. ज्या शब्दावर मी तीन महिने चिडले होते तो माझ्याच तोंडून आला होता.

मी वही पुढे केली, ती त्यांनी घेतली. कौतुकाने पाहिली. “सगळं आहे यात,” त्या म्हणाल्या, “फक्त काम नाही.”

खरंच नव्हतं. मी झोप लिहिली, चहा लिहिला, जन्मभर न लिहिलेली मनःस्थिती लिहिली. पण जे दिवसाचे आठ तास करते ते लिहायचं सुचलंच नाही. ते बदललं कुठे होतं? तीस वर्षं तेच.

“त्या शून्याच्या दिवसांत कुठलं काम बंद होतं?”

“प्रेस. त्याला दोघी लागतात, वन्सं गावाला होत्या. पण प्रेस आम्ही हातांनी फिरवतो.” मी हवेत दांडा धरून दाखवला. दोन्ही हात पुढे, छाती मोकळी. मला तसंच वाटत होतं.

घरी आले तो रविवार होता. धुवायला घ्यावा म्हणून कारखान्याच्या खुंटीवरचा माझा एप्रन काढला. त्यावर डाव्या छातीशी, बोटभर रुंद, आडवा, ग्रीसचा काळपट पट्टा होता. हा पट्टा मी दर रविवारी घासत होते. जानेवारीपासून घासत होते! जुना एप्रन पेटीतून काढला. त्यावर पोटाशी खळीचे डाग, बाहीला शाई, आणि छाती पांढरी स्वच्छ. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या बाबतीत कळसा काखेच्याही जरा अलीकडेच होता.

एप्रन बांधला आणि प्रेसपाशी गेले. प्रेस सांगते कसा: जमिनीत रोवलेली लोखंडी चौकट, मधोमध जाड स्क्रू, त्याच्या माथ्याशी आडवा लांब दांडा. खळ लावलेली पुस्तकं फळ्यांमध्ये रचून खाली ठेवायची आणि दोघींनी दांड्याच्या दोन टोकांशी समोरासमोर उभं राहून तो फिरवायचा. सुरुवातीला एका हाताने फिरतो. शेवटचा अर्धा फेरा मात्र दोघींचा जीव काढतो. वन्सं “हं!” करतात, मी ढकलते आणि वन्संनी “बास” म्हटलं की थांबायचं. मी बुटकी, दांडा बरोबर माझ्या छातीला येतो. मी डोळे मिटले आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्यासारखं ढकललं. हात पुढे गेले, आणि त्यांच्यामागून मी अख्खी गेले. डावी छाती दांड्यावर टेकली. एप्रनवरचा पट्टा दांड्यावर असा बसला, जणू मापून शिवला होता.

सापडलं! मी एकटीच मोठ्याने म्हणाले.

पण माझी खोड तिथे थांबू देईना. जानेवारीपासूनच का? त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. प्रेस जड झालाय. थंडीत जड वाटायला लागला म्हणूनच तर मी स्क्रूच्या आट्यांना दर आठवड्याला ग्रीस भरत होते, म्हणून दांडा ग्रीसने माखला होता. मी पुस्तकं काढली आणि रिकामा स्क्रू फिरवून पाहिला. करंगळीने फिरला. भिंगरीसारखा. प्रेस जड झालाच नव्हता.

मी तिथेच स्टुलावर बसले. पुढचं कारण मला दिसत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते नको होतं.

सोमवारी नेहमीसारख्या फळ्या रचल्या. वन्सं समोर येऊन उभ्या राहिल्या, दांड्यावर हात ठेवले. एक फेरा, दोन, तीन. शेवटचा अर्धा आला. मी हात ठेवले तसेच, पण जोर काढून घेतला.

“हं!” वन्सं म्हणाल्या.

आवाज तोच होता. दांडा केसभरही हलला नाही.

त्यांनी मान वर केली. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. बोटं दांड्यावर नुसती ठेवली होती, कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखी. मग मला एकेक आठवायला लागलं. पुस्तकांच्या कण्यावरची नावं लिहायचं त्यांनी चष्मा बदलायचा म्हणून बंद केलं होतं. चहाचा कप डाव्या हातात. परवाचा घास डाव्या हाताने.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?”

“वन्सं.”

त्या खुर्चीवर बसल्या. उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर ठेवला. तो असा उचलावा लागतो हे त्यांनी मला पहिल्यांदाच पाहू दिलं.

“कोर्टाचे खंड आले तेव्हा कळलं. त्याआधी थोडं असेल. वाटलं, थंडी आहे, जाईल. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि मी छातीने ढकलते ते?”

“समोरच उभी असते ना मी. दिसायचं.”

“दिसायचं?”

“पहिल्यांदा कळलं नाही. मग तू दुखतंय म्हणालीस, तेव्हा कळलं.” त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “मशीनमध्ये दुसरं काही कारण सापडावं असं वाटायचं. लहानसं, बरं होणारं. तुझा रिपोर्ट चांगला आला ना, त्या दिवशी सगळ्यांच्या पोटातला गोळा गेला, माझ्या पोटात आला. एवढी वाईट आहे मी.”

मी चिडले. मघापासूनच चिडले होते, आता ते बाहेर पडलं. “त्या मशीनमध्ये छाती चेपून उभी होते तेव्हा मला मावशी दिसत होती! तीन आठवडे मी मेलेच होते मनातून! आणि तुम्ही म्हणता अजून मोठं मशीन बघू! एक शब्द बोलायचा होता, एकच. माझा हात चालत नाही. एवढं जड होतं ते?”

“हो,” त्या म्हणाल्या. “दांडा सोडला की मी करायचं काय? तुझ्याकडे बघत बसायचं?”

मी एप्रन फेकला आणि घरी गेले. दोन दिवस आम्ही बोललो नाही. नवऱ्याला काही तरी झालंय एवढं कळलं, आणि त्याने शहाणपणाने आपला विनोद खिशात ठेवला. मला राग वन्संचा होता, आणि स्वतःचाही होता. छातीत काय चाललंय ते शोधायला मी चहा सोडला, कूस बदलली, वही बांधली. आणि पाच महिने हातभर अंतरावर एक बाई एका हाताने जगत होती, ती मला दिसली नाही. मी स्क्रूला ग्रीस भरत बसले.

तिसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडून लोखंडी नळी आणली आणि ती दांड्यावर चढवली. दांडा दीड हाताने लांबला. ढकलला, तर शेवटचा अर्धा फेराही मी एकटीने, नुसत्या हातांनी फिरवला. छाती लावावी लागली नाही.

वन्सं दारात उभ्या होत्या. “म्हणजे आता मी नको,” त्या म्हणाल्या.

“थांबायचं कुठे ते नळीला कळत नाही,” मी म्हणाले. “मलाही नाही. आत्ताच दोन खंड चेपून वाया घालवलेत, बघा.”

त्यांनी खंड उचलले. डाव्या हाताने. कणा बघितला आणि म्हणाल्या, “शी.” आमचं बोलणं सुरू झालं ते असं.

मग मी माझी अट घातली. मी दोन डॉक्टर आणि दोन मशीनं केली, आता त्यांची पाळी. त्यांनी चष्म्याचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं, गुडघ्याचंसुद्धा सांगितलं. मी रिक्षा बोलावली.

नसांचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी वन्संना बोटं मिटायला सांगितली, उघडायला सांगितली, आपली दोन बोटं पुढे करून जोरात दाबा म्हणाले. वन्संनी दाबली. “हं!” असा आवाजही निघाला, सवयीने. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“कधीपासून आहे हे?”

“अलीकडचंच,” वन्सं म्हणाल्या. “आठ-पंधरा दिवस.”

“नीट आठवून सांगा. हळूहळू वाढलं की एकदम? त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. लवकर कळलं असेल तर करता येण्यासारखं असतं.”

वन्सं माझ्याकडे बघेनात. भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिल्या. त्यात पाठीचा कणा होता, आणि त्यातून निघालेल्या पिवळ्या दोऱ्या. मी पिशवीत हात घातला आणि निळी वही काढली. टेबलावर ठेवायची की नाही यावर मी तिथे जेवढा विचार केला तेवढा कुठल्याच गोष्टीवर केला नव्हता. मग ठेवली.

डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं. सात जानेवारी. पुढची उलटली. मार्चमधले तीन आणि चार, एप्रिलचे पाच, मे महिन्यातली शून्यं, मग सहा. एकेक आकडा बोटाने दाखवत ते खाली येत होते, आणि मी बघत होते की वन्संचा हात कसा दिवसादिवसाने गेला ते सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. वही बांधल्यापासून एकही दिवस सुटला नव्हता.

“फार उपयोगी आहे हे,” डॉक्टर म्हणाले. “इतकं कुणी लिहून आणत नाही. पण यात हाताचा तर कुठे उल्लेख नाही. ही वही कुणाची?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संनी डाव्या हाताने वही स्वतःकडे ओढून घेतली.

“माझी,” त्या म्हणाल्या. “विचारा.”